पाचव्या मुखवट्याचा रंग

प्रिय वाल्बुर्गाताई,

नमस्कार. तुझा गुडघा, तुझे मांजर आणि वरच्या मजल्यावरचा तो ट्रॉम्बोनवाला, या तिघांची खुशाली आधी विचारते. ग्राझमध्ये आता धुके असेल. मफलर घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. माझी तब्येत उत्तम आहे, फक्त एका जागी बसवत नाही. (आताही मधेच उठून मुखवटे चाचपून आले. वाळले आहेत. मघाशीही वाळलेले होते.)

पाच डिसेंबरला शिंगे-मुखवटे चढवून, सैतान बनून गल्ल्यांतून धावायला आपल्या गावात प्रथमच बायकांची क्राम्पुस-टोळी उतरणार आहे, हे तुझ्या कानावर आलेच असेल. उतरणार आहे म्हणजे फिन्झेन्झ खाटिकाने होकार दिला तर. टोळ्यांचा प्रमुख तो. येत्या शनिवारी तो आमचे मुखवटे तपासणार, आणि पाचांतला एक जरी नापास झाला तरी आम्ही पाचही जणी घरी बसायचे. लाकडी मुखवटा कोरून घ्यायचा तर दोन वर्षे थांबावे लागते, म्हणून आम्ही रबराचे आणले. रंग न दिलेले, पांढरट. टेबलावर मांडले तेव्हा वासरांची उकडलेली डोकी मांडल्यासारखे दिसत होते.

रंगाचे काम क्रेसेन्झने अंगावर घेतले. तिच्या नवऱ्याचा खिडक्यांना लावून उरलेला रंग होता, तो तिने मुखवट्यांना आणि पंज्यांना फासला. (मी नको म्हटले होते. माझे ऐकतो कोण.) सुकल्यावर फार झकास दिसला. मग क्रेसेन्झने मुखवटा घालून जांभई दिली. रबर ताणले, रंग काही ताणला नाही, आणि अख्खा गाल तिच्या कॉफीत पडला. नेमका तेव्हाच फिन्झेन्झ दारात उभा. "काय गं नोटबुर्गा, तुमच्या सैतानाला कोंडा झालाय वाटतं," म्हणाला. संध्याकाळपर्यंत ते गावभर झाले.

मग सूत्रे मी हातात घेतली. सगळे खरवडून काढले. रबरावर टिकतो तो रबराचाच रंग: पातळ रबरात रंग कालवायचा आणि स्पंजने टिपत थरावर थर द्यायचा. आत डोके नसेल तर मुखवटा वाळताना आकसतो आणि सुरकुततो, म्हणून प्रत्येकीने आपापला घालून बसायचे ठरले. त्या पातळ रबराला अमोनियाचा असा उग्र दर्प येतो की डोळ्यांतून धारा लागतात. चर्चच्या सभागृहात आम्ही पाच शिंगवाल्या, हातात केस वाळवायचे पंखे घेऊन, ओळीने रडत बसलो होतो. तेवढ्यात म्हाताऱ्या आगाथाकाकू नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या जेवणाची जागा ठरवायला आल्या. घाबरल्या मुळीच नाहीत. आमच्यामध्ये खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या योसेफसाठी एवढं कुणी रडलं नव्हतं गं." मग त्याही रडल्या. त्यांना कॉफी द्यावी लागली.

काल फिन्झेन्झ पुन्हा सहज म्हणून डोकावला. चार मुखवटे ओढून पाहिले, चिमटे काढले, एक कपचा निघाला नाही. नुसते 'हं' केले, म्हणजे पसंत पडले. पाचव्यासमोर मात्र बराच वेळ उभा राहिला आणि त्याने टोपी काढली.

बाकी विशेष काही नाही. मांजराला माझी आठवण सांग.

तुझी धाकटी बहीण,
नोटबुर्गा

ता.क. आपल्या गावच्या कुणा जिवंत माणसाशी मिळताजुळता मुखवटा धावू द्यायचा नाही, असा टोळ्यांचा नियम आहे. पाचवा मुखवटा मी रंगवला. फिन्झेन्झ म्हणतो, "ही तर वाल्बुर्गा. शाळेत चार वर्षं माझ्या पुढच्या बाकावर बसायची, मी ओळखणार नाही?" माझ्या मनात तसे काही नव्हते. मला फक्त भीती वाटेल असे तोंड हवे होते. हात आपोआप वळला. तर शुक्रवारच्या गाडीने ये आणि शनिवारी त्या मुखवट्याशेजारी उभी राहा, म्हणजे दोघींत काही साम्य नाही हे त्याला दिसेल.

ता.क. दुसरे. रंग आता खरवडून निघत नाही. मी प्रयत्न केला.

ता.क. तिसरे. हे वाचून तुला राग येईल. तो गाडीतच संपवून ये. फिन्झेन्झला अजून थोडी शंका आहे. त्याच्यासमोर त्या मुखवट्यासारख्या भुवया चढवल्यास तर ती फिटेल, आणि आमची टोळी संपली.