कारखान्यातली गाठ

बमरोली, सुरत
५ जानेवारी २०२५

ती. नरेंद्रमामा यांस,
नीलमचा सविनय जयभीम. वि. वि.

स्वप्ना फेब्रुवारीतल्या कबड्डीच्या निवड चाचणीत खेळू शकेल का, हा तुमचा प्रश्न. मामा, मी फिजिओथेरपीची पदवी घेतली, माझ्या धाकट्या बहिणीचा गुडघा रोज माझ्याच हातात असतो, तरी याचं उत्तर मला देता येत नाही. हे फोनवर बोलता आलं नसतं. आपलं घर एका खोलीचं. मी हॅलो म्हटलं की सगळ्यांचे कान उभे राहतात. उत्तर दवाखान्याच्या पत्त्यावर पाठवा.

कबड्डीत पडली, ऑपरेशन झालं, आणि तिची उजवी मांडी इतकी वाळली आहे की आईला बघवत नाही. जड वजन उचलायला लावलं तर गुडघ्यात नवा जोडलेला भाग दुखावेल. म्हणून आम्ही मांडीला वरच्या बाजूस हवेचा रुंद पट्टा बांधतो, रक्तदाब मोजतात तसला. तिच्या पायापुरता दाब यंत्रावर मोजून ठरवतो. रक्त थोडं अडतं, पूर्ण थांबत नाही. मग हलक्या वजनानेही स्नायू दमतो आणि सावकाश भरतो. काही मिनिटांत पट्टा सोडतो. ती मला कसाई म्हणते. मी मनावर घेत नाही. संध्याकाळी तेवढीही ताकद उरत नाही.

मामींना जयभीम. लोभ आहे तसाच राहू द्यावा.
तुमची नीलम


भुसावळ
१३ जानेवारी २०२५

चि. नीलम हिस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

पत्र पोचलं. एवढं कॉलेज करून तुला उत्तर येत नाही, तर आम्ही नववी नापासांनी कुणाला विचारायचं?

स्वप्नाला पहिली चढाई मी शिकवली. पुढच्या वर्षी तिचं कुमार गटाचं वय उलटतं. यंदा राज्याच्या संघात आली, तर उद्या खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागेल. मी रुळांवर उन्हात आयुष्य काढलं. पोरीने पंख्याखाली बसावं, एवढंच मागणं.

पट्ट्याची कल्पना मला आवडली. पण दवाखान्यातच का? तुझ्या बाबांना, नागनाथ दाजींना, फोन करून सांगितलं की घरीही बांधत जा, सुरतेत कापडाच्या पट्ट्यांना काय तोटा! रुंद, मोजलेला, हे सगळं तुमचं दवाखान्याचं कौतुक. मेहनत दुप्पट तर मांडी दुप्पट. तू रागावशील, रागाव.

क्लबच्या कोचला तुझा अहवाल लागतो म्हणे. खेळण्यास योग्य, एवढंच लिही. घरातली पहिली पदवी घरच्या कामाला नाही आली तर काय चाटायची? चंपाताईला आठवण सांग. मामावर माया ठेव.
तुझा नरेंद्रमामा


बमरोली, सुरत
२४ जानेवारी २०२५

ती. मामा यांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा उशीर झाला होता.

रविवारी मी कामावर होते. बाबांनी आईच्या कामाच्या साड्यांतली बोटभर रुंदीची लेस दुहेरी करून स्वप्नाच्या मांडीला बांधली. गाठ मारली ती कारखान्यात मागावर तुटल्या धाग्याला मारतात ती, ओढाल तशी आवळणारी. इतकी वर्षं तिथे गेल्यावर त्यांच्या हाताला दुसरी गाठच येत नाही. स्वप्ना तशीच आईशेजारी साड्यांवर खडे चिकटवत बसली. जितका वेळ बांधलेलं राहील तितकी मांडी भरेल, असा बापलेकीचा समज. पाऊल निळं पडलं, बोटं कळेनाशी झाली, तेव्हा बाबा गाठ सोडायला धावले. सुटेना. शेवटी आईने कात्रीने लेस कापली. कापताना ती बाबांना इतकंच म्हणाली की जन्मात एकदा तरी कच्ची गाठ मारायची होती.

डॉक्टरांनी तपासलं. रक्ताची गुठळी नाही, पण नस दबली आहे. पाऊल अजून नीट वर उचललं जात नाही. सुधारेल म्हणतात, केव्हा ते सांगत नाहीत. बाबा कारखान्यातली पाळी संपवून येतात आणि तिच्या पायाची बोटं हलतात का ते बघत बसतात. तुमच्यावर रागवायचं मी ठरवलं होतं, पण फार थकले आहे, मामा.

स्वप्ना म्हणाली की तू योग्य लिहून टाक, एवढ्याशा लंगडण्याकडे कोण बघतंय. पण चढाईत पाऊल अडलं की सातजणी अंगावर येतात आणि तो गुडघा पुन्हा जुळत नाही. एक संघ हुकला तर ती मला वर्षभर बोलेल. गुडघा गेला तर बोलायचीही नाही.

काल मी अहवाल लिहिला, अजून खेळण्यास योग्य नाही. आधी तिला वाचून दाखवला. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाली की बहीण म्हणून तू हवी होतीस, डॉक्टरीण दुसरी चालली असती. मग मी क्लबवर जाऊन कोचच्या हातात कागद दिला. त्यांनी माझ्यासमोरच तिच्या जागी दुसऱ्या मुलीचं नाव घातलं.

राग आला तरी पत्र टाकत जावं.
तुमची भाची,
नीलम