चांदणीचा दमा

१२ डिसेंबर
आली एकदाची! सारंगखेड्याच्या यात्रेतली पांढरी घोडी, चांदणी. आबांनी सासरेपण बाजूला ठेवून तिला स्वतः ओवाळलं. माझ्या गृहप्रवेशाला मात्र आबा शेतात होते. म्हणे, मोटार बंद पडली होती!

३० डिसेंबर
घोडीला नजर लागू नये म्हणून तबेल्याच्या खिडक्या बंद, दाराला जाड पडदा, वर रोज संध्याकाळी लोबानाचा धूर. तिकडे घोडी खोकते, इकडे चुलीपाशी सासूबाई. जुगलबंदी नुसती!

४ जानेवारी
चांदणी नाकपुड्या फुगवून श्वास ओढतेय. पोट भात्यासारखं हलतंय. आबा म्हणाले, "नजर लागनी शे!" आणि धूर दुप्पट केला. धन्य!

७ जानेवारी
शहाद्याहून जनावरांचे डॉक्टर आले. तबेल्यात शिरताच तेच ठसकले! आबांना म्हणाले,
"दमा आहे, प्रेमचंदभाऊ. मुळापासून जात नाही, सांभाळावा लागतो. धूर बंद करा, भुसा भिजवून द्या, खिडक्या उघडा, हवं तर भिंत फोडा, पण वारा येऊ द्या." मग थबकले — "घरात कोण खोकतंय?"
"ती? घरवाली. तिले सवय शे."

११ जानेवारी
गवंडी आला, भिंत फुटली. आबा स्वतः भुसा भिजवतात, पाणी शिंपडून तबेला झाडतात. स्वतःच्या हाताने पाण्याचा तांब्या भरून घेताना मी या माणसाला कधी पाहिलं नव्हतं!
सासूबाई मात्र चुलीतल्या कापसाच्या पऱ्हाट्यांच्या धुरात भाकरी थापतायत. घरात गॅस आहे! पण गॅसवरची भाकरी आबांना गोड लागत नाही ना. म्हटलं, आई, तुम्ही पण दवाखान्यात चला.
"ऱ्हाऊ दे वं माय." हसल्या, आणि हसता हसताच धाप लागली. मला रडूच आलं. रागही आला, चांगलाच आला.

२ फेब्रुवारी
चांदणीचा खोकला उतरला. जेवताना आबा पाहुण्यांना ऐटीत सांगत होते, "मुकं जनावर शे, आपलेच समजी लेनं पडस!"
आई वाढत होत्या. खोकला पदरात दाबून.

३ फेब्रुवारी
सकाळी पाहते तर आईंची खाट तबेल्यात! चांदणीशेजारी गाढ झोपल्या होत्या, खोकल्याचं नाव नाही. आबांनी हाका मारमारून उठवलं. त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "आजपासून भाकर चांदणीले मांगा."
चूल थंड आहे. मी गॅसवर चहा ठेवलाय. दोनच कप, आईंचा आणि माझा.