साडूच्या गाडीचं लिंबू

मु. पो. ईट, ता. भूम

आदरणीय साडूभाऊ कृष्णराजराव यांना,

ईटहून हिंमतरावाचा मनापासून रामराम. इकडं लहानथोर सगळी खुशाल आहेत. तुमचा गुडघा कसा आहे? अक्कांची शुगर आटोक्यात आहे ना? तुमच्या तब्येतीची आम्हाला लई काळजी असते. विशेषतः तुम्हाला एकदम धक्का बसंल असं कुणी काही कळवू नये, याची. म्हणून पहिल्या झटक्यात सांगून टाकतो की तुमची गाडी सुखरूप आहे. (हे वाक्य परत एकदा वाचा, पाणी प्या, मग पुढं चला.) फोनच केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर, आणि अक्का मागून 'काय झालं, काय झालं' करतात. धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या हिला, मग तेच मीठमसाला लावून परत ऐकायला मिळतं. पत्राला स्पीकर नसतो.

तुमच्या सोसायटीत पार्किंगवरून भांडण पेटलं आणि तुम्ही ती तुमच्या तरुणपणीची लाल, दोन माणसांची, पळायची गाडी आमच्या शेडात आणून लावली, तेव्हा दिलेल्या सूचना मला तोंडपाठ आहेत. आठवड्याला इंजिन सुरू करायचं, वर कापड टाकायचं, कोंबड्या बसू द्यायच्या न्हाईत आणि रस्त्यावर काढायची न्हाई. यातल्या पहिल्या तीन आम्ही देवाच्या आज्ञेसारख्या पाळल्या. चौथीचं काय झालं, ते सांगायला जरा मागं जावं लागंल.

आपला रणधीर तुम्हाला ठाऊक आहे. पोरगं निर्व्यसनी, शेतकी शिकलेलं, सोयाबीन-तूर स्वतः बघतंय, दावणीला दोन म्हशी. पण 'मुलगा काय करतो?' याला 'शेती' असं उत्तर दिलं की समोरच्या घरातली मुलगी एकदम पुढं शिकायला लागती. बाप म्हणतो, पुण्यात फ्लॅट पाहिजे. (म्हणणारा बाप स्वतः बांधावरून उठून हात धुऊन आलेला असतो, हे विशेष.) तिशी उलटून गेली पोराची. मित्रांच्या वरातीत नाचायला जायचंसुद्धा त्यानं बंद केलं हो साडूभाऊ. आपल्या लेकराचं उतरलेलं तोंड बापाला बघवत न्हाई, मग तो नको तिकडं बघतो. मी शेडाकडं बघितलं.

परंड्याचं स्थळ आलं होतं. इंद्रजितरावांची मुलगी हर्षाली. बघायला जायचं ठरलं. मी आणि रणधीर तुमच्या गाडीत, बाकीची मंडळी मागून जीपमधी. मी तिथं 'गाडी माझी' असं एका शब्दानं बोललेलो न्हाई, तुळजाभवानीची आण. मी एवढंच म्हणालो, की जुनी आहे, पण सोडवत न्हाई. यात खोटं काय? तुमच्यानं सोडवत न्हाई, हे साऱ्या पाव्हण्यांना माहीत आहे.

निघताना आमच्या आईनं (कस्तुराबाईंचा स्वभाव तुम्ही जाणताच) गाडीला लिंबू-मिरची बांधली. पुढं बांधली तर गाडी ही अशी भुईसरपट, गावाबाहेर पडायच्या आत स्पीडब्रेकरनं लिंबाचं सरबत केलं. आई जीपमधून उतरली. म्हणाली, "बाहेर टिकंना तर आत बांध, नजर काय बॉनेटला घाबरती व्हय?" आणि स्वतःच बॉनेट उघडायला लावून एका काळ्या नळीला सेंटरिंगच्या, सळ्या बांधायच्या तारेनं लिंबू आवळून टाकलं. चांगले दोन पीळ देऊन. आईचा पीळ तुम्हाला ठाऊक आहे, आमच्या बापाच्यानं सुटला न्हाई.

परंड्यात इंद्रजितरावांचा बंगला बघून मीच गार पडलो. सागवानी दार, खाली आरशासारखी पांढरी फरशी, पोर्चला खांब. गाडी पोर्चमधी लावली. पोहे झाले, मुलगी बघून झाली. मुलगी नीट मान वर करून बोलणारी, मला तर तिथंच पसंत. निघायला म्हणून रणधीरनं गाडी सुरू करून ठेवली आणि पेट्रोलचा भपकारा आला. बघतो तर पुढच्या चाकाजवळ फरशीवर टपटप, हे एवढं थारोळं! आणि आतून एक बनियनवाले गृहस्थ धावत आले आणि सरळ इंद्रजितरावांवरच उखडले, की आमच्या फरशीचं वाटोळं केलं. इंद्रजितरावांनी त्यांना दंडाला धरून आत नेलं आणि बाहेर येऊन म्हणाले, भाडेकरू आहे, तापट आहे. मला नवल वाटलं. मालकाच्या फरशीसाठी एवढा जीव टाकणारा भाडेकरू म्हणजे देवमाणूसच म्हणायचा.

स्थळ पक्कं झालं! वर इंद्रजितरावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की लग्नात परण्या, म्हणजे नवरदेव वाजतगाजत, याच लाल गाडीतून मारुतीला गेला पाहिजे, मी भावकीत तसं बोलून बसलोय, गाडी न्हाई आली तर मला तोंड दाखवायला जागा राहणार न्हाई. मी छाती पुढं करून 'व्हय' म्हणालो. आणि परत येताना जिथं जिथं थांबलो, तिथं तिथं तुमच्या गाडीनं रस्त्यावर सही केली.

मग सुरू झाली चौकशी समिती. आपल्या गावात माणूस आजारी पडला तर लोक लांबून विचारपूस करतात, गाडी आजारी पडली की हात घालतात. पहिला निदान करणारा म्हणाला, टाकी फुटली. टाकी मागं, थेंब पुढं, पण सांगणाऱ्याचा भाऊ ग्रामपंचायत सदस्य, त्याला कोण न्हाई म्हणणार? मग टाकीला कपड्याचा साबण चोळला. (मोटारसायकलला चालतो, हिलाही चालंल असा ठराव झाला.) गळती होती तिथंच राहिली, टाकी मात्र स्वच्छ झाली. दुसरे आले ते गावच्या विकास सोसायटीचे माजी चेअरमन. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, आता पेट्रोलमधी आपल्याच उसाचा इथेनॉल असतो, तो जुन्या रबराला मानवत न्हाई. पण म्हणून गळतीविरुद्ध बोलणं शेतकरीहिताचं न्हाई. इंजिन चालूच होतं, त्यांच्या भाषणात अर्धा लिटर गेलं. तेवढ्यात एकजण बिडी पेटवून वाकून बघायला लागला, त्याला रणधीरनं कॉलर धरून गोठ्यापर्यंत नेलं. त्या गड्याचा राग असा, की तो अजून आमच्याकडं दूध घेत न्हाई.

शेवटी भूमहून अमरनाथ मेकॅनिक आणला. हा डिझेल ट्रॅक्टरचा माणूस, पण आव विमान दुरुस्तीचा. त्यानं गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. इंजिन बंद असताना कागद कोरडा, चालू केलं की थेंब, म्हणजे पंपाचा दाब आला की गळतंय, इंजिनाकडं जाणाऱ्या नळीतच खोट आहे, इथवर गडी बरोबर आला. मग त्यानं सगळ्या नळ्यांवर गव्हाचं पीठ भुरभुरलं, ओलं कुठं होतंय ते बघायला. बॉनेटमधी ते लिंबू होतं, हिरवंगार. अमरनाथनं त्याला पाया पडल्यासारखं केलं आणि नेमकी तेवढी नळी सोडून बाकी सगळं तपासलं. माझीही तिथंच नजर, माजी चेअरमनचीही, पण उतरवून टाकलेल्या नजरेच्या लिंबाला हात कोण लावणार? ज्याच्या-त्याच्या घरी लेकरंबाळं आहेत. अमरनाथनं दोन चांगल्या नळ्या बदलल्या, एक क्लिप हरवली आणि म्हणाला, विलायती गाडी आहे, हिचा स्वभावच असा आहे.

आणि दर शनिवारी आई काय करायची? "माझ्या नातवाच्या गाडीला नजर लागली, लिंबू बारकं पडलं," असं म्हणून जुनं काढायची, त्याहून मोठं बांधायची आणि तारेला आणखी एक पीळ द्यायची. गळती वाढली की लिंबू वाढायचं. लिंबू वाढलं की गळती. लग्न तोंडावर आलं, पत्रिका वाटून झाल्या. मी रात्रंदिवस इंद्रजितरावांच्या भावकीची तोंडं डोळ्यासमोर आणतोय, म्हणतील, एका गाडीवर फसलो.

परवा इंजिन चालूच होतं, आईला घाई, तिनं लिंबू बदलायला हात घातला आणि तार ओढली. सर्रकन पिचकारी उडाली ती थेट आईच्या लुगड्यावर. आई ओरडली, "आगं आई गं! लिंबातून पेट्रोल आलं!" निम्मा गाव चमत्कार बघायला जमला. रणधीरनं पळत जाऊन किल्ली फिरवली, आईला लांब नेलं, मग लिंबाला हात लावायचं धाडस केलं. तार नळीत रुतून बसली होती, रबर कापून आरपार. एवढंच होतं साडूभाऊ! साऱ्या गावाला दिसत होतं आणि कुणाला बघायचं नव्हतं. रणधीरनंच पेट्रोलची नवीन नळी आणून बसवली, दोन्ही टोकाला क्लिपा आवळल्या. आता कागद कोरडा, वास न्हाई, फरशीवर लावा न्हाईतर गालिच्यावर. नळी तशीही म्हातारी झालेली होती, कधीतरी गेलीच असती. एका अर्थानं आईनं तुमच्यावर उपकारच केले आहेत.

तेव्हा काळजी नसावी. अक्कांना नमस्कार, पोराटोरांना आशीर्वाद.

तुमचाच,
हिंमतराव

ता.क. लग्नाला यायचंच, पण आदल्या दिवशी. तुमची गाडी तुमच्याशिवाय कुणाच्यानं नीट चालत न्हाई, आणि नवरदेवानं हातात कट्यार धरून गियर कसा टाकायचा? म्हणून परण्याला तुम्ही चालवायची, रणधीर शेजारी. करवलीला जागा न्हाई, तिची समजूत घालतोय. फक्त पांढरा शर्ट घाला आणि परंडेकरांसमोर गाडीबद्दल आपुलकीनं बोलू नका. मला चारचौघांत 'मालक' म्हणालात तरी चालंल, आग्रह न्हाई. मोबदल्यात भूमचा खवा, अक्कांच्या नकळत.

ता.क. २. वरचं लिहून पाकीट चिकटवलं होतं, ते फोडून लिहितोय. हर्षालीचा रणधीरला फोन आला. गाडीचा नंबर टाकला की मालकाचं नाव दाखवणारं जे मोबाईलमधी असतं, त्यात तिनं बघण्याच्या दिवशीच बघितलं होतं. नाव फुल्यांनी झाकलेलं असतं म्हणे, पण कितीही फुल्या टाकल्या तरी 'कृष्णराज'चा 'हिंमतराव' होत न्हाई. रणधीर घामाघूम. तर ती हसली आणि म्हणाली, तो बंगलापण आमचा न्हाई, माझ्या मावशीच्या मिस्टरांचा आहे, ते बनियनवाले. म्हणजे इंद्रजितरावांचे साडू! आमचं पत्र्याचं घर मागच्या गल्लीत आहे, म्हणाली. मग तिनं विचारलं, आता तुमचं स्वतःचं काय आहे ते खरं सांगा. रणधीर म्हणाला, रान आणि दोन म्हशी. ती म्हणाली, मग म्हशी दाखवा, मी तेच बघायला येणार आहे. पोरगं काल गोठा धूत होतं आणि गाणं म्हणत होतं. मी दाराआड उभा राहून ऐकलं. डोळ्यात पाणी आलं साडूभाऊ.

ता.क. ३. दोघा बापांना यातलं काही कळू द्यायचं न्हाई, असं पोरांनी ठरवलंय, म्हणजे आपली भावकीत शोभा होणार न्हाई. मला कळलं कारण फोन स्पीकरवर होता आणि मी दाराआड होतो. तेव्हा पहिली ता.क. जशीच्या तशी कायम. फक्त पंगतीला त्या बनियनवाल्यांच्या शेजारी बसू नका. दोन साडू एका पाटावर बसले, की लग्न मोडलंच समजा.

ता.क. ४. आईनं शब्द दिला आहे, की यापुढं लिंबू फक्त नवरदेवाच्या कट्यारीला. पण तिच्या बटव्यात सेंटरिंगची तार मी स्वतः बघितली आहे. येताना एक जादा नळी घेऊन या.