तिसऱ्या मजल्यावरची सालं

३ फेब्रुवारी, मंगळवार

चहा बंद! चहाची पानं म्हणे फार लांबून येतात. पन्नास किलोमीटरच्या पलीकडचं काहीही ह्या घरात येणार नाही, असं ह्यांनी आज नाश्त्याला जाहीर केलं. माझं माहेर तीनशे किलोमीटरवर. मी विचारलं, "मग मी राहू की जाऊ?" हसलेसुद्धा नाहीत. निवृत्त होऊन दोन महिने झाले नाहीत, तोवर हे!

५ फेब्रुवारी

कामावर तीन कप चहा प्यायले. दातांचा दवाखाना बरा. तिथे माणसं सांगितल्यावरच तोंड उघडतात, आणि उघडून भाषण करत नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

इमारतीची सभा. ह्यांचं भाषण — पाऊण तास. गच्चीवर भाजी पिकवायची, तिला खत आपल्याच घरांतल्या सालांचं. टाळ्या! टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना कचरा घेऊन जिना उतरायचा कंटाळा. कोणी दारात येऊन नेतो म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? अध्यक्ष एकमताने निवडला — हे. उमेदवारही हे एकटेच.

१० फेब्रुवारी

सकाळी आठला हिरवी बादली घेऊन सहा मजले. लिफ्टने नाही, वीज खर्च होते! पस्तीस वर्षं लिफ्टच दुरुस्त केल्या ह्यांनी. आता तिच्याकडे असं बघतात, जणू सोयरीक मोडून गेली आहे. चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी बादलीत मोजा टाकला. "सुती आहे, कुजेल की!" म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावरच्या हेडबाईंनी दारच उघडलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, म्हणून सगळे हेडबाई म्हणतात. एकट्या राहतात, कोणाकडे जाणं नाही, कोणाचं येणं नाही. आतूनच म्हणाल्या, "माझ्याकडे काही नाही." बाई शहाण्या! पण हे म्हणतात, "उद्या पुन्हा बेल वाजवतो." लाज ही वस्तू पन्नास किलोमीटरच्या आत मिळत नसावी.

१७ फेब्रुवारी

आठवडाभर रोज बेल. आणि आज हेडबाईंनी दार उघडलं! बोटभर फट. त्या फटीतून बटाट्याची सालं. हे घरी आले ते वर्गात पहिला नंबर आल्यासारखे.

"काय म्हणाल्या?"

"बादली पुसत जा म्हणाल्या."

पुसली. माझ्या चांगल्या टॉवेलने.

२६ फेब्रुवारी

आता हेडबाई रोज सालं देतात. वर दहा मिनिटं शिकवणीही! काल गाजर आणि गांडुळाचे उपकार. आज दुधी आणि परागीभवन. हे दारात हाताची घडी घालून ऐकतात म्हणे. चौतीस वर्षांच्या संसारात माझं एक वाक्य पुरतं ऐकलेलं आठवत नाही. मी तसं म्हटलंही. "काय म्हणालीस?" हे म्हणाले.

८ मार्च, रविवार

गच्चीवरचं पहिलं पीक आलं. पालकाची एकोणीस पानं! घरं बारा. वाटपासाठी पुन्हा सभा. दोघांनी आवाज चढवले, एक उठून गेले. आमच्या वाट्याला दीड पान. शिजवल्यावर पातेल्यात शोधावं लागलं.

"चव बघ, चव! बाजारात मिळेल का अशी?"

म्हटलं, आधी सापडू दे.

१२ मार्च, गुरुवार



सकाळी हे घरी धावत आले. "हेडबाई दार उघडत नाहीत." मी डाफरले — "झोपल्या असतील! एक दिवस सालं नाही मिळाली तर पृथ्वी बुडत नाही!" ह्यांनी ऐकलं नाही. जुनी हत्यारांची पेटी काढली, वर गेले, कुलूप उचकटलं. मी मागोमाग, तोंडाचा पट्टा चालूच.

न्हाणीघराच्या दारात पडल्या होत्या. खुबा मोडलेला. काल दुपारपासून तशाच! हाका मारून मारून आवाज बसलेला. ह्यांना बघून पुटपुटल्या, "आज उशीर केलात."

मी पाण्याने त्यांचे ओठ ओले केले, अंगावर चादर घातली. हे त्यांचा हात धरून फरशीवर बसून राहिले, रुग्णवाहिका येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस गेला असता तर… 

इमारतीत दुसऱ्या कोणी ती बेल वाजवली असती? अकरा वर्षं त्यांच्या दोन मजले खाली राहते मी. एकदाही वाजवली नाही.

१४ मार्च

ऑपरेशन नीट झालं. हेडबाईंचा चष्मा आणि कपडे आणायला त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात शेगडीवर धुळीचा थर. सिलिंडर जोडलेलाच नाही. फ्रिज उघडला — सोललेले बटाटे, सोललेली गाजरं, सोललेला दुधी. डबेच्या डबे भरलेले. चिरलेलं काहीच नाही. खालचे डबे नासलेले.

हॉस्पिटलात जाऊन विचारलं. 

"जेवते मी कोपऱ्यावरच्या खानावळीत. दोन वर्षं झाली." मग म्हणाल्या, "पण सालं नसती, तर ते थांबले कशाला असते?"

त्यांनी माझं मनगट धरलं.

"तुमच्या ह्यांना सांगू नका हं. भाजी वाया घालवली म्हणून रागावतील."