बॉनेट उघडावं लागणार नाही अशी गाडी

प्रिय भिंगरी,

फोनवर मी नुसतं हं हं करते म्हणून तुला वाटत असेल, आई ऐकतच नाही. ऐकते. तू पाठवलेला गाड्यांचा तक्ता मी दुकानातून मोठ्या अक्षरात छापून आणला आणि चष्मा लावून ओळ न् ओळ वाचला. माझं वाचन तुला माहीत आहे, दोन दिवस गेले. हजारो मालकांना विचारून तारे दिलेत म्हणे, कुठली गाडी रस्त्यात किती बंद पडते त्याचे. हे बरं केलं. विकणाऱ्याला विचारलं तर तो आपलीच लाल करणार.

आधी आपली गाडी शोधली. पार तळाला, एकच तारा. असा राग आला. या गाडीने आपल्याला कधी वाटेत टाकलं? तुझ्या मावशीला पोटात कळा येत असताना हिनेच दवाखान्यात पोचवलं ना? मग लक्षात आलं, टाकणार कशी? चालवायला तुझे बाबा आणि बॉनेटखालीही तेच. जरा घरघर झाली की म्हणायचे, म्हातारी कुरकुरायला लागली. उतरायचे, काहीतरी पिळायचे, एक शिवी हासडायचे, की निघालो. मेकॅनिकच्या घरात तारे कोण बघतो? एक तारा गाडीचा होता, बाकीचे त्यांचे.

तू विचारतेस, बाबा फोनवर का येत नाहीत. मी सांगते, गॅरेजात आहेत. गॅरेजला कुलूप लागून बरेच महिने झाले. एका गिऱ्हाइकाच्या इंजिनात तेलाऐवजी पाणी ओतलं त्यांनी. माणूस भला, बोभाटा केला नाही. त्याआधी पान्याला पाना म्हणणं गेलं होतं, ते फिरवायचं दे गं, म्हणायचे. मी म्हातारचळ म्हणून चिडवायचे. डॉक्टरीणबाईने सरळ सांगितलं, औषधाने विसरण्याचा वेग कमी होईल, विसरणं थांबणार नाही.

परवा बाजारातून आले, तर दारात गाडी खोललेली. सगळे भाग माझ्या चांगल्या चादरीवर ओळीने मांडलेले, शहाण्या माणसाने मांडावेत तसे. मधे बाबा, हातात एक नट, तो कुठला ते आठवेना. मी ओरडले. मला कुठे गोड बोलता येतं? त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, बाई, संध्याकाळपर्यंत देतो. मला गिऱ्हाईक समजले गं.

त्यांचा गॅरेजातला जोडीदार बघून गेला. म्हणाला, वहिनी, ही आता भंगारातच. म्हणून नवी हवी. मी चालवायला शिकतेय, हसू नकोस. शिकवणारी सारखी हळू मावशी, हळू मावशी करते, आणि मी क्लचऐवजी ब्रेकच दाबते. दवाखान्याचा रस्ता लांब आणि सामसूम. तिथे बंद पडली, तर शेजारी बसलेला माणूस आता उतरून काही पिळणार नाही. उतरला तर कुठे चालत सुटेल, देव जाणे. तेव्हा पहिल्या नंबरचीच बघ. रंग कसलाही चालेल, फक्त बॉनेट उघडावं लागू नये.

पण एवढं तर फोनवरही सांगता आलं असतं. फोन केला की ते शेजारी येऊन बसतात, म्हणून कागद घेतला. परवा गाडी का खोललीत, असं मी नंतर विचारलं. म्हणाले, आवाज करतेय, नीट करायला हवी, शाळा सुटेल, भिंगरी एकटी उभी असेल. रोज दुपारी शर्ट बदलून फाटकाशी जातात. मी सांगते, ती मोठी झाली, नोकरी करते, तर माझंच डोकं फिरल्यासारखं बघतात. काल हात धरून आत ओढलं, तर रडले. मी दमले, पोरी. तुझं नाव अजून आहे त्यांच्यात. किती दिवस टिकेल, त्याचा तक्ता कुणी छापलेला नाही. गाडी मागाहून बघू. तू मिळेल त्या बसने ये. दुपारी ये आणि फाटकातून चालत आत ये. तुला आणायला जायचं राहिलं नाही, हे त्यांना एकदा डोळ्यांनी दिसू दे.

तुझीच,
फाटकाशी उभी असलेली दुसरी,
आई