बांबूनं सरकवलेलं ताट

माय, तुझ्यासारखंच माझंही डावीकडचंच थान सडलं. गेल्या सोमवारी नागपुरात ते काढलं. सकाळी आत नेलं आणि दिवे लागायच्या आत गाडीत बसवून घरी पाठवलं. तुला खोटं वाटेल. मलाही वाटलं होतं, आठवडाभर तरी खाटेवर ठेवतील. नर्स म्हणाली, आता असंच करतात, घरी माणूस लवकर सावरतं. काखेखालून एक नळी बाहेर काढली आहे, तिच्या टोकाला रबरी गोळा. त्यात लालसर पाणी जमतं. ते सकाळ-संध्याकाळ रिकामं करायचं, किती निघालं ते कागदावर लिहायचं. नर्सनं हे सगळं माझ्या लेकीला शिकवलं. ती सुट्टी काढून नागभीडला माझ्याजवळ येऊन राहिली आहे.

आणखी एक. आतलं काढून वरची कातडी राखली आणि त्याच वेळी आत मऊ पिशवी बसवली. पदराखाली काही कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी आधी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी माझी जाऊ पाहायला आली. उंबऱ्याच्या आत पाय ठेवला नाही.

"काढलं त काढलं, नवीन कायले बसवलं वो बाई? पाहणारा त मरून गेला."

"मी पाहीन ना," मी म्हटलं.

"पाह्य मंग. आरसा घेऊन बस."

चहा तिनं दारात उभ्यानंच घेतला आणि कप उंबऱ्याबाहेर ठेवून गेली. ही बिमारी लागते म्हणे. तिचा मला राग आला नाही. तो कप पाहिला आणि तुझं ताट आठवलं.

तू तलावाची मासोळी टोपलीत घेऊन गावोगाव फिरायचीस. वास यायचाच. आमच्या सगळ्या घराला यायचा, त्यामुळे कोणाला काही कळलं नाही. मग उन्हाळ्यात तलाव आटला, जाळी महिनाभर कोरडी पडली, आणि वास तसाच राहिला. मी तेरा वर्षांची. तुला म्हणाले, "माय, आंग धुत जा ना, मासोळी नाई तरी वास मारते तुह्या आंगाले." त्याच रात्री तुला चोळीच्या आतला कापूस बदलताना मी पाहिलं. त्यानंतर तू गोठ्याशेजारच्या खोलीत झोपू लागलीस, आणि बापानं तुझं जेवण नेऊन द्यायचं काम माझ्याकडे दिलं.

मी दारात उभी आहे. नाकाला ओढणी लावली आहे. ताट जमिनीवर ठेवून जाळं वाळत घालायच्या बांबूनं ते तुझ्याकडे सरकवते. वरण सांडतं. तू ताट ओढून घेतेस आणि म्हणतेस, "बांबू धुऊन ठेव वो. जाळं टाकाचं आहे त्याच्यावर." एवढंच. मी खरंच धुतला, माय. राख लावून, दोनदा.

पाऊस लागून धानाचे पऱ्हे टाकायच्या आधी तू गेलीस. लोकांना सांगितलं, तापानं गेली. पुढे मी मासोळी बांधायच्या जुन्या पेपरांवरून अक्षरं जुळवत वाचायला शिकले, तुझ्या रोगाचं नावही तसंच कधीतरी वाचलं. तरी तापच सांगत राहिले. नागपुरात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आई, मावशी, कोणाला होतं का?" मी म्हटलं, नाही.

काल लेक गोळा रिकामा करत होती. उघड्या हातानं, हातमोजे संपले होते. म्हणाली, "माय, दवाखान्याच्या कागदावर लिहिलं आहे, आईले-आजीले असन त लेकीनं लवकर तपासून घ्यावं. आपली आजी त तापानंच गेली ना?"

ती आता अडतीसची आहे. मी भिंतीकडे पाहून म्हटलं, "नाई. हेच होतं तिले."

"आणि तू आता सांगून राह्यली? डॉक्टरनं विचारलं तेव्हा काऊन नाई बोलली?"

तिनं तिथूनच दवाखान्यात फोन लावला. गुरुवारी माझी नळी काढतील, त्याच दिवशी तिलाही तपासतील. फोन ठेवून बराच वेळ ती गोळ्याचं झाकण लावत राहिली. मग विचारलं, "मंग आजीचं कोनं केलं सारं?"

"मीच," मी म्हटलं.

"एवढीशी होतीस तू," ती म्हणाली. कोमट पाण्यात फडकं पिळून तिनं माझी पाठ पुसली, काख पुसली, नळीच्या भोवतालचं हलक्या हातानं पुसलं. मी पुसू दिलं.

मोजणीच्या कागदाची मागची बाजू कोरी आहे. तुला हे आधी त्यावरच लिहायला घेणार होते. पण तो कागद गुरुवारी लेकीच्या हातात असेल आणि बांबूचं ती वाचेल, म्हणून मी दुसरा शोधला.