ह्यांची सहावी निवडणूक

४ जानेवारी

भरला अर्ज! पाच वेळा सरपंच झाले, तरी हौस फिटेना. एकोणऐंशी वर्षांचा माणूस फेटा बांधून ट्रॅक्टरवर उभा! "राही, ओवाळ." ओवाळलं. दातांची कवळी घरीच राहिलेली, तरी भाषण ठोकलं! एक शब्द कळला असेल कुणाला तर शपथ!

६ जानेवारी

समोर कोण, तर गावातल्या छगनची लेक धनश्री! सव्वीस वर्षांची. माझ्या अंगणवाडीत होती — रोज खिचडी सांडायची. हे म्हणतात, "लेकरू हाय. काय लढनार!"

१० जानेवारी

पारावर ह्यांची सभा. पोरींनी विचारलं, "संगमनेरला कॉलेजला जायला सकाळची एसटी कधी?" ह्यांचा डोळा लागलेला! दचकून उठले — "देतो! हातपंप देतो!" सगळा पार हसला. मीही, तोंडात पदर कोंबून.

पोरी मात्र हसल्या नाहीत. रोज हायवेपर्यंत तीन किलोमीटर पायी जातात.

११ जानेवारी

म्हटलं, "आता बास करा की." म्हणाले, "मग गावाचं कोन बघंल?"

१४ जानेवारी

धनश्री मत मागायला आमच्याच घरी! ह्यांच्या पाया पडली — "आबा, आशीर्वाद द्या." हे असे खूश! चहा पाजला, वर कुठल्या आळीत कुणाशी कसं बोलायचं ते तासभर शिकवलं. विरोधकाला! मी चुलीपाशी हसून हसून बेजार.

१८ जानेवारी

मतदान. धनश्रीचं बटण दाबलं! बावन्न वर्षांच्या संसारात पहिल्यांदा! मशीन एवढ्या मोठ्यानं वाजलं, वाटलं गावाला कळलं. बाहेर हे उभे. "दिलं का?" "दिलं!" खोटं कुठं बोलले? घरापर्यंत हसू आवरेना. सोळा वर्षांची झाल्यासारखं वाटतंय!

२० जानेवारी

पडले. तीन मतांनी.

गल्लीत गुलाल. हे ओट्यावर पाठ फिरवून बसलेले. जेवले नाहीत. माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत. कळलं की काय? काय करून बसले मी!

२१ जानेवारी

सकाळी राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, पाय धरायला वाकले. ह्यांनी दंडाला धरून उठवलं. आधी दार लावलं.

"मी बी तिलाच दिलं, राही. काल तुझ्याकडं बघायची हिंमत हुईना."